साथीच्या काळातील स्थलांतरित : नोंद, निवारा आणि जबाबदारी



साथीच्या काळात स्थलांतरितांचे संरक्षण कसे व्हावे, याचा विचार करण्यासाठी माढ्यातील या परिषदेत एकत्र येण्याला विशेष औचित्य आहे. भीमेवरील उजनी धरण याच तालुक्यात उभे राहिले, त्याच्या पाण्यावर अवर्षणप्रवण शिवारात ऊस आला, उसामागोमाग कारखाने आले आणि दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे बीड, जालना, पाथर्डी या भागांतून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या येथे उतरू लागल्या. दुष्काळात आपली माणसे पोटासाठी बाहेर पडताना ज्या जिल्ह्याने पाहिली, तोच आता इतरांच्या मुक्कामाचे ठिकाण झाला आहे. त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर शोधण्याची पहिली जबाबदारी यजमान गावांकडे येते.

स्थलांतरित म्हणजे रोजगारासाठी किंवा अन्य कारणाने आपले राहते ठिकाण सोडून गेलेली व्यक्ती; निर्वासित म्हणजे छळाच्या भीतीने स्वतःचा देश सोडावा लागलेली आणि परत जाणे सुरक्षित नसलेली व्यक्ती. निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने सही केलेली नाही आणि देशात त्यांच्यासाठी स्वतंत्र कायदाही नाही. कायद्याच्या दृष्टीने या दोहोंत मोठे अंतर असले, तरी साथीच्या काळात त्यांची अडचण एकाच जागी येऊन थांबते: माणूस जेथे प्रत्यक्ष राहतो, तेथील कोणत्याही यादीत त्याचे नाव नसते, आणि धान्य, औषध, लस व निवारा या सर्व गोष्टी यादीप्रमाणेच वाटल्या जातात.

मार्च २०२० मध्ये ही उणीव उघडी पडली. ऊसतोडीच्या व्यवहारात ‘कोयता’ म्हणजे एकत्र तोड करणारे नवरा-बायकोचे जोडपे. हंगामापूर्वी त्याला टोळी जमविणाऱ्या मुकादमाकडून मिळणारी आगाऊ रक्कम म्हणजे ‘उचल’. आणि ती फिटेपर्यंत जोडपे मुकादमाशी बांधलेले राहते. कारखाना आणि कामगार यांच्यामध्ये मुकादम उभा असल्याने मजूर नेमका कोणाचा, या प्रश्नाला कागदावर सरळ उत्तर सापडत नाही. देशभर टाळेबंदी लागू झाली तेव्हा साखर जीवनावश्यक ठरवून गाळप चालू ठेवण्यात आले, म्हणजे सर्वांना घरात बसण्याचा आदेश असताना ही माणसे फडात होती. मात्र गाळप आटोपल्यावर जिल्ह्यांच्या सीमा बंद असल्याने त्यांना गावीही जाता येईना. पाचटाच्या किंवा ताडपत्रीच्या कोपीत मुलाबाळांसह दाटीने राहणाऱ्या कुटुंबाने अंतर कसे राखावे आणि पिण्याचेच पाणी लांबून आणणाऱ्या बाईने वारंवार हात कशाने धुवावेत, याचा विचार घरात राहण्याच्या आदेशात नव्हता. तो आदेश घर गृहीत धरूनच काढलेला होता.

राज्य शासनाने १७ एप्रिल २०२० रोजी ३८ कारखान्यांच्या परिसरांतील सुमारे १ लाख ३१ हजार कामगारांना वैद्यकीय तपासणी करून घरी पोहोचविण्याची परवानगी दिली आणि त्याची जबाबदारी कारखान्यांवर सोपविली. उशिरा का होईना, या निर्णयाने एक महत्त्वाची गोष्ट सिद्ध केली. शासनाने ठरविले तेव्हा मुकादमाच्या आड असलेला मजूर कारखान्याचा म्हणून मोजता आला, तपासता आला आणि वाहनाने गावी पाठविता आला. ज्यांच्यापर्यंत असा निर्णय वेळेत पोहोचला नाही, ते पायी निघाले. जालन्याहून भुसावळकडे निघालेले मध्य प्रदेशातील १६ मजूर ८ मे २०२० च्या पहाटे औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रुळांवर झोपलेले असताना मालगाडीखाली मरण पावले. श्रमिक विशेष गाड्या त्याआधीच, १ मेपासून धावू लागल्या होत्या. गाडी होती, परंतु ती या माणसांच्या वाट्याला आली नाही.

या त्रुटीची मुळे कायद्यात आहेत. मुंबईतील प्लेगनंतर ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. प्रवाशांची तपासणी करणे आणि संशयितांना वेगळे ठेवणे यांचे अधिकार त्या कायद्याने दिले. अडविलेल्या माणसाच्या अन्नाविषयी आणि बुडालेल्या मजुरीविषयी त्याने काहीही म्हटले नाही. २०२० मध्ये त्यात दुरुस्ती झाली ती आरोग्यसेवकांवरील हल्ले रोखण्यासाठी, आणि ती आवश्यकच होती. स्थलांतरितांविषयीचे मौन मात्र तसेच राहिले. १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांपुरता होता. बीडहून माढ्याला येणारा मजूर लांबचे अंतर कापतो, अनेक महिने परगावी राहतो, तरी महाराष्ट्राबाहेर पाऊल टाकत नसल्याने त्या कायद्याच्या लेखी तो स्थलांतरित ठरतच नव्हता. ही पळवाट म्हणून सोडून देण्यासारखी गोष्ट नाही. राज्यांतर्गत स्थलांतरासाठी महाराष्ट्राने स्वतःचा कायदा करणे, हेच तिचे खरे उत्तर आहे.

परक्यांना सामावून घेण्याची उदाहरणे याच भूमीत आहेत. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ पासून, कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. त्यांच्या वसाहतीत शाळा होत्या, दवाखाना होता, प्रार्थनास्थळ होते. खर्च कोणी करायचा आणि वसाहतीत कोण राहते, या दोन्ही गोष्टी तेथे ठरलेल्या होत्या. परदेशातही असे घडले: पोर्तुगालने मार्च २०२० मध्ये ज्या परदेशी व्यक्तींचे निवासाचे किंवा आश्रयाचे अर्ज प्रलंबित होते, त्यांना ठरावीक मुदतीपर्यंत कायदेशीर रहिवासी मानून सरकारी आरोग्यसेवा खुली केली. याउलट सिंगापूरमध्ये त्याच वर्षी बहुसंख्य बाधित हे परदेशी मजुरांच्या दाटीच्या वसतिगृहांत सापडले. ज्या वस्तीकडे आरोग्ययंत्रणा पाहत नाही, तेथे साथ आधी शिरते आणि मग ती वस्तीपुरती राहत नाही.

भारतातही काही पावले पडली. सर्वोच्च न्यायालयाने २९ जून २०२१ च्या निकालात ‘एक देश एक रेशनकार्ड’ योजना सर्व राज्यांत ३१ जुलैपर्यंत लागू करण्यास सांगितले. कोणत्याही गावच्या दुकानातून आपला शिधा उचलता येणे, असा तिचा अर्थ. त्याच वर्षी मे महिन्यात ओळखपत्र नसलेल्यांच्या लसीकरणासाठी केंद्राने स्वतंत्र कार्यपद्धती ठरविली. तरीही ऊसतोड कुटुंबाचे कार्ड बहुधा गावी म्हाताऱ्या आईवडिलांपाशी राहते. कुटुंबाचा शिधा दोन ठिकाणी विभागून उचलण्याची सोय आहे, हे टोळीला आणि दुकानदाराला कोणी समजावून सांगितले नाही, तर योजना कागदावरच राहते.

म्हणून साथ येण्याची वाट न पाहता प्रत्येक गळीत हंगामाच्या आरंभीच काम सुरू झाले पाहिजे. कारखान्याने टोळ्यांची नावनिशीवार यादी, लहान मुले आणि गरोदर स्त्रिया यांच्या वेगळ्या नोंदीसह, ग्रामपंचायतीला द्यावी. ही यादी पोलीस पडताळणीसाठी नव्हे, तर केवळ सेवा देण्यासाठी वापरली जाईल अशी लेखी हमी असावी, कारण हाकलले जाण्याची भीती असलेला माणूस आजार लपवितो. आशा कार्यकर्तीच्या सर्वेक्षणात कोपींना घरांप्रमाणे क्रमांक मिळावेत आणि त्या वाढीव कामाचे तिला वेगळे मानधन मिळावे. संचारबंदी लागली, तर टोळीचा निवारा, पाणी, शिधा आणि परतीचे वाहन कारखान्याने द्यावे, आणि अडकलेल्या दिवसांचा खर्च उचलीत धरला जाऊ नये. या शेवटच्या मुद्द्यावर कोणतीही तडजोड होता कामा नये, कारण साथीने लादलेले रिकामे दिवस कर्ज होऊन पुढच्या हंगामापर्यंत माणसाला बांधून ठेवतात.

पैशाचा मार्गही नव्याने शोधावा लागणार नाही. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून प्रतिटन १० रुपये आणि तितकीच रक्कम शासनाकडून, असे ठरलेले आहे. त्या निधीतील निश्चित हिस्सा कामगार ज्या तालुक्यांत जाऊन राहतात, तेथील नोंदणी, पिण्याचे पाणी आणि फिरते दवाखाने यांवर खर्च व्हावा, असा ठराव या परिषदेने करावा आणि त्याची पहिली अंमलबजावणी येत्या हंगामात माढा तालुक्यातील कारखाने व ग्रामपंचायती यांनी मिळून करावी.