निम्मा रान्मा : अखेरचा खंड

नाटक रंगविणें सोपें, पण तें संपविणें कठीण, असें म्हणतात. रूमिको ताकाहाशी या जपानी चित्रकथालेखिकेची ‘रान्मा निबुन-नो-इची’, म्हणजे ‘निम्मा रान्मा’, ही विनोदी प्रेमकथा एका साप्ताहिकांतून १९८७ पासून १९९६ पर्यंत चालली व ३८ खंडांत पुरी झाली.

नायक रान्मा हा द्वंद्वयुद्धांत निपुण. चीनमधील शापित कुंडांत पडल्यापासून अंगावर थंड पाणी पडलें कीं त्याची मुलगी होते, ऊन पाणी पडलें कीं पुनः मुलगा. अकाने ही त्याची वडिलांनीं ठरविलेली वाग्दत्त वधू. दोघें मानी, प्रेम मनांत, भांडण ओठांवर.

शेवटच्या खंडांत अकाने गतप्राण झाली असें वाटतांच रान्माचा अभिमान गळून पडतो. पुढें विवाह ठरतो. शाप घालविणारें पाणीहि पिंप भरून येतें. पण एक लोभी म्हातारा मद्य समजून तें पिऊन टाकतो! दंगलींत विवाह लांबणीवर पडतो, शापहि कायम राहतो.

हें पाहून वाचक हिरमुसला, तर नवल नाहीं. परंतु पहिल्या भेटीची आठवण करावी : त्या दिवशीं रान्मा मुलीच्या रूपांत होता आणि अकानेनें आपण होऊन त्याच्याशीं मैत्री केली होती. मीलनाच्या आड शाप कधींच नव्हता. आड होता तो दोघांचा अहंकार. तो एकदां तरी वितळला, एवढेंच लेखिकेला दाखवावयाचें असावें.