तेराव्या दिवसानंतर : आत्महत्या प्रतिबंधात गावाचा वाटा

(सरपंच, ग्रामपंचायत सदस्य व शिक्षक यांच्यापुढील भाषण)



एखाद्या घरी मृत्यू झाला की सारे गाव त्या घराकडे धावते. घरची चूल पेटत नाही, शेजारची भाकरी येते, आप्तेष्ट तेराव्यापर्यंत राहतात. मात्र मृत्यू आत्महत्येने झालेला असला की ही रीत बदलते. माणसे येतात, पण बोलणे कुजबुजीत चालते. कोणी कर्जाकडे बोट दाखवतो, कोणी दारूकडे, तर कोणी घरच्या सुनेकडे. तेरावा उरकला की त्या दाराशी कोणी थांबत नाही. प्रतिबंधाचा विचार याच दारापासून सुरू व्हावयास हवा. कारण अशा रीतीने आप्त गमावलेल्यांच्या जिवालाही इतरांपेक्षा अधिक धोका असतो.

प्रश्न किती मोठा आहे, हे आकडे सांगतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानुसार २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्या झाल्या. त्यांपैकी २२,७४६ महाराष्ट्रातील होत्या. हा आकडा राज्यांत सर्वाधिक होता. नापिकी, कर्ज, आजार, व्यसन, घरगुती कलह अशी अनेक कारणे एकत्र येतात. म्हणून हे काम एकट्या डॉक्टरांचे किंवा एकट्या महसूल खात्याचे नव्हे.

गावाने काय करता येते, याचे उदाहरण अमरावती जिल्ह्यात सापडते. तेथील ३० गावांत ‘विश्राम’ हा कार्यक्रम राबविण्यात आला. प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन आणि लहान बैठका घेऊन नैराश्याविषयी माहिती दिली, समुपदेशन केले व गरजूंना डॉक्टरांकडे पोहोचविले. दीड वर्षात, नैराश्य असलेल्यांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. वर्षभरात आत्महत्येचे विचार आल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आले. हे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले.

यातील पहिला धडा साधा आहे : विचारावे. जो माणूस पारावर येईनासा झाला, जेवणात ज्याचे लक्ष नाही, जो निरवानिरवीची भाषा बोलतो, त्याला एकान्तात, आपुलकीने विचारावे, “जिवाचे बरेवाईट करावेसे वाटते का?” विचारल्याने तसा विचार मनात भरतो, ही समजूत चुकीची आहे. उलट मनावरचे ओझे हलके होते. मग त्याला एकटे न सोडता आशा कार्यकर्ती, प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा १४४१६ या ‘टेली-मानस’ क्रमांकाशी जोडून द्यावे. ही सेवा विनामूल्य असून अहोरात्र उपलब्ध आहे.

दुसरा धडा घरातील कीटकनाशकांचा. संतापाचा व निराशेचा तीव्र क्षण पुष्कळदा ओसरणारा असतो. त्या क्षणी विष हाताशी नसले तर जीव वाचतो. तामिळनाडूतील काट्टुमन्नारकोइल भागात गावाच्या सामाईक कोठीत, कुलूपबंद कप्प्यांतून कीटकनाशके ठेवण्याचा प्रयोग झाला व त्याचे फळ आशादायक दिसले. ग्रामपंचायत किंवा सहकारी सोसायटी असा विचार करू शकते.

तिसरा धडा कायद्याचा. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ अन्वये आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिची काळजी व पुनर्वसन हे शासनाचे कर्तव्य ठरते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुने ३०९ कलम राहिलेले नाही. तेव्हा पोलिसांच्या भीतीने रुग्णालयात नेण्यास विलंब करू नये.

आता मागे राहिलेल्या घराकडे वळू. शेतकऱ्याच्या मृत्यूनंतर साहाय्यासाठी चौकशी होते; प्रकरण पात्र किंवा अपात्र ठरते. प्रकरण अपात्र ठरले तरी दुःख अपात्र ठरत नाही. सातबारावरील वारस नोंद, बँकेचे कागद, निवृत्तिवेतनाचा अर्ज यांसाठी त्या बाईला एकटीने तालुक्याला खेटे घालावे लागू नयेत. सदस्यांपैकी एकाने सोबत जावे. शिक्षकांनी त्या घरातील मुलांना वर्गात वेगळे पाडू नये, मृत्यूची चर्चा होऊ देऊ नये. पण मुलाला बोलावेसे वाटले तर वेळ काढून ऐकावे.

कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने ४ मे २०२२ रोजी ठराव करून कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे या विधवा प्रथा बंद केल्या. त्याच महिन्यात शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना त्याचा कित्ता गिरविण्यास सांगितले. शोकाच्या घरी आणखी अपमान नको, एवढाच त्या ठरावाचा अर्थ. तो प्रत्येक गावाला आपलासा करता येईल.

यासाठी मोठा निधी लागत नाही. तेराव्यानंतर महिन्याने, पेरणीच्या वेळी, पहिल्या सणाला आणि वर्षश्राद्धाला त्या घरी कोण जाणार, एवढे ग्रामपंचायतीने ठरवावे. त्या दाराची कडी वाजत राहिली, तर आतल्या माणसांना गाव आपल्यासोबत असल्याची खूण पटेल.