देगलूरकर सर आणि आपल्याकडचे दगड

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला ‘सॉफ्टवेअरमधलं करिअर’ हा विषय दिला होता. तो मी परस्पर बदलते आहे. त्यावर बोलणारे आपल्या बॅचमध्ये पाच-सहा जण तरी निघतील. मी बोलणार आहे एका पुरातत्त्वज्ञाविषयी.

कारण घरचंच आहे. माझ्या भाचीला बारावीला चांगले मार्क पडले आणि तिला पुरातत्त्व शिकायचंय. दाजी म्हणतात, “दगड बघून पोट भरतं का?” प्रश्न खोटा नाही. या क्षेत्रात जागा कमी, हे मीही तिला सांगितलं. पण सोबत एक नावही सांगितलं.

डॉ. गो. बं. देगलूरकर. आपल्या शेजारच्या नांदेड जिल्ह्यातल्या देगलूरचं नाव लावणाऱ्या वारकरी घराण्यातले. मंदिरं आणि मूर्ती हा त्यांचा अभ्यास. महाराष्ट्रातल्या मंदिरांवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक १९७४ साली नागपूर विद्यापीठाने छापलं. विदर्भात रायपूरच्या महापाषाणकालीन उत्खननात ते होते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात प्राध्यापक झाले आणि पुढे त्याच संस्थेचे अध्यक्ष. नावात कॉलेज असलं तरी १९९० पासून ते अभिमत विद्यापीठ आहे.

मला त्यांच्या विषयात खरं गुंतवलं ते विष्णूने. हात चार, वस्तू चार: शंख, चक्र, गदा, पद्म. कोणत्या हातात काय, यावरून मूर्तीचं नाव ठरतं. खालच्या उजव्या हातापासून प्रदक्षिणेच्या क्रमाने पद्म, शंख, चक्र, गदा आलं तर तो केशव. क्रम बदलला की नारायण, माधव, गोविंद. अशा मांडण्या किती? ४ × ३ × २ × १, म्हणजे २४. (सर, बरोबर ना?) आजोबा संध्येत म्हणायचे ती नावंही चोवीसच!

आता पारावर टेकवलेली मूर्ती आठवा. आपण श्रद्धेने तिला ऑइलपेंट फासतो. हातातलं काय ते बुजतं आणि देवाचं नावच जातं. तसंच ‘हेमाडपंती’चं. काळ्या दगडाचं जुनं देऊळ दिसलं की आपण तो शिक्का मारून मोकळे. हेमाद्री तेराव्या शतकातला. अंबरनाथचं देऊळ १०६० चं. दोनशे वर्षं आधीचं!

भाची आधी पदवी घेईल, मग डेक्कन कॉलेजात एम.ए. असं तिचं ठरलंय. दाजी अजून ‘हो’ म्हणालेले नाहीत.

उद्या आम्ही जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्याची मंदिरं बघायला निघतोय. तुमच्या गावच्या मूर्तींचे फोटो असतील तर भाचीला दाखवा. चारही हात नीट दिसायला हवेत. गाडीत दोन जागा रिकाम्या आहेत, सकाळी सातला शाळेच्या फाटकापाशी या. गाडी दाजीच चालवणार आहेत.