ठाण्याची पायरी चढायला शिकू

(जिल्हा कार्यकर्ता बैठकीतील भाषण)



शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. आपल्या गावांनी त्यात पोलीस ठाण्याची पायरीही धरली आहे. विहिरीवरची मोटर चोरीला जाते, केबल कापून नेतात, आणि आपण उधारीवर दुसरी मोटर आणून गप्प बसतो. ठाण्यात गेलोच तर 'अर्ज देऊन ठेवा, बघतो' एवढे ऐकून परत येतो. व्यापारी कांदा उचलून नेतो, त्याचा फोन बंद होतो; ठाण्यात सांगतात, हा दिवाणी मामला आहे. आम्ही हे सगळे भोगले आहे. पण आंदोलन पुकारले की त्याच ठाण्याला आपले घर बरोबर सापडते. रात्री अकरा वाजता नोटीस घेऊन हवालदार दारात उभा!

मोटर सापडत नाही, माणूस सापडतो. हे असे का, ते आज बघायचे आहे.

आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट. १५ नोव्हेंबर २०१७. शेवगाव तालुक्यात उसाला ३१०० रुपये भाव मागत शेतकरी रस्त्यावर बसले होते. अश्रुधूर सुटला, मग गोळीबार झाला, दोन शेतकरी जखमी झाले. पोलीस म्हणाले, दगडफेक झाली. पण त्याआधीचा प्रश्न कोणी विचारत नाही. भावाचा तंटा शेतकरी आणि कारखाना यांच्यातला. तो मिटवायला सरकार होते, साखर आयुक्त होते. ते सगळे हलले नाहीत, आणि बंदूक देऊन शिपायाला पुढे उभे केले. १९८० साली खेरवाडीला कांदा-उसाच्या आंदोलनात दोघे गेले, १९८१ ला निपाणीला तंबाखूच्या आंदोलनात बारा, २०११ ला मावळात पवनेच्या पाण्यासाठी तिघे. पीक बदलले, पक्ष बदलले, रीत तीच.

ही रीत इंग्रजाची आहे. १८५७ च्या उठावानंतर त्याने १८६१ चा पोलीस कायदा केला, तो रयतेला धाकात ठेवायला. आपल्या राज्याचा कायदा १९५१ चा, पण वळण जुनेच राहिले. २००६ साली प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ठाण्याच्या प्रमुखाला आणि अधीक्षकाला दोन वर्षे हलवू नका, तपासाची माणसे बंदोबस्तापासून वेगळी करा, पोलिसांविरुद्ध तक्रारीसाठी जिल्ह्यापर्यंत प्राधिकरण नेमा. २०१४ ला महाराष्ट्राने कायदा दुरुस्त केला खरा, पण प्राधिकरण राज्याला आणि विभागाला. म्हणजे जामखेडच्या माणसाने नाशिक विभागाचे दार ठोठवायचे. राज्यातला क्षेत्रफळाने सगळ्यात मोठा जिल्हा आपला, आणि आपल्याच नशिबी हे अंतर.

आता त्या शिपायाकडेही बघू. तो कोणाचा? त्याच्या बापाचाही दोन एकर ऊस कुठेतरी उभा असतो. गणपती, यात्रा, निवडणूक, मंत्र्याचा दौरा, सगळा बंदोबस्त त्याच्या डोक्यावर. मोटरचोरीचा तपास उरलेल्या वेळात. आपण मोर्चा काढतो, त्याला तो हक्क नाही. १९८२ साली मुंबईच्या पोलिसांनी संप केला, तेव्हा त्यांची संघटनाच मोडून काढली. ज्याला स्वतःचे गाऱ्हाणे मांडता येत नाही तो आपले किती ऐकणार?

पण सगळे खापर खाकीवर फोडून आपल्याला हात झटकता येणार नाहीत. १ जून २०१७ ला पुणतांब्यातून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला, देशाने पाहिला. त्या दिवसांत रस्त्यावर जे दूध ओतले गेले त्यातले काही दुसऱ्या शेतकऱ्याचे होते, त्याला न विचारता ओतलेले. तो ठाण्यात गेला असता तर त्याची फिर्याद घ्यावी असे आम्ही म्हणालो असतो का? आणि खर्ड्याचे प्रकरण. २०१४ साली एका दलित पोराचा खून झाला, २०१७ ला आरोपी सुटले, कारण एकामागून एक साक्षीदार उलटले. साक्षीदाराला संरक्षण देणे हे सरकारचे काम होते हे खरे. पण ते साक्षीदार शेवटी गावचीच माणसे होती. हे बोलायला जड जाते, तरी याच बैठकीत बोलले पाहिजे.

कायदा काय म्हणतो तेही ऐका. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली की एफआयआर नोंदवलाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ ला ललिताकुमारी खटल्यात ठरवले. १ जुलै २०२४ पासून नवी संहिता आली. तिच्यात तीन ते सात वर्षांच्या शिक्षेच्या गुन्ह्यांना १४ दिवस प्राथमिक चौकशीची सवलत घुसवली आहे, तीही उपअधीक्षकाच्या परवानगीने. या फटीतून बरीच प्रकरणे गळतील असा आमचा अंदाज आहे. म्हणून 'चौकशी चालू आहे' म्हटले की परवानगीची तारीख विचारायची. एफआयआरची प्रत फुकट मिळते. नोंद घेतलीच नाही तर मजकूर लेखी करून टपालाने अधीक्षकांना पाठवायचा, तिथेही काही झाले नाही तर दंडाधिकाऱ्याकडे जायचे. आंदोलनाआधीची नोटीस पूर्वी १४९ ची असे, आता १६८ ची. ती म्हणजे अटक नव्हे. प्रतिबंधक अटक झालीच तर नव्या १७० कलमाखाली, दुसरा काही आधार नसेल तर चोवीस तासांच्या आत सोडावे लागते.

आता कामाचे. पुढच्या बैठकीला प्रत्येक तालुक्याने दोन गठ्ठे आणायचे. एकात आपल्याला आलेल्या नोटिशी. दुसऱ्यात गेल्या वर्षभरात गावात झालेल्या मोटर, केबल, जनावरांच्या चोऱ्या. गाव, तारीख, आणि एफआयआर झाला की नुसता अर्ज घेतला, एवढे लिहून. दोन्ही गठ्ठे घेऊन आपण अधीक्षकांना भेटू. जाताना घोषणा नकोत, कागद पुरेत. बाया पुढे असू द्या. चोरी झाल्यावर रात्री मळ्यावर एकट्या त्याच असतात.