दुखणं त्याचं, जाब तिला

(महिला मंडळांच्या कार्यकर्त्यांच्या आरोग्य शिबिरात केलेलं भाषण)



आरोग्याच्या शिबिरात आपण बहुतेक वेळा बाईच्या शरीराबद्दल बोलतो. पाळी, बाळंतपण, अंगावरून जाणं, रक्तपांढरी. आज मला नवऱ्याच्या दुखण्याबद्दल बोलायचं आहे. त्यासाठी संघटना कशाला, असं काहीजणींना वाटेल. मी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात काम करते. आमच्या टेबलासमोर मधुमेहाचा पुरुष पेशंट क्वचितच एकटा येतो. कागदांची पिशवी बायकोच्या हातात असते, आणि पहिला प्रश्नही तिलाच विचारला जातो, "घरी काय करून घालता?"

एक बाई अशीच आली. नवरा पस्तिशीचा, रिक्षा चालवणारा, अंगाने काटकुळा. सारखी तहान, रात्री चार-पाच वेळा लघवीला उठणं, तीन महिन्यांत नऊ किलो वजन गेलेलं. साखर ४०० च्या वर. एका डॉक्टरांनी टाइप २ म्हणून गोळ्या सुरू केल्या. दुसरे म्हणाले, टाइप १ असू शकतो, इन्शुलिन घ्या. तिसरे म्हणाले, आत्ता नक्की सांगता येत नाही. डॉक्टरांना नक्की सांगता येत नव्हतं, पण घरच्यांना आलं. हिच्या हातचं खाऊन झालं! सासूने भात बंद करायला लावला, नणंदेने कारल्याचा रस सांगितला, शेजाऱ्याने इन्शुलिन सोडवून देणाऱ्या बुवाचा पत्ता दिला. एका घरात तीन तऱ्हेचा स्वयंपाक, आणि रांधणारी एकटी.

म्हणून आधी हे समजून घेऊ, की प्रकार नक्की न ठरणं ही डॉक्टरांची टाळाटाळच असते असं नाही. टाइप १ मध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. तो लहान मुलांना होतो असं आपण ऐकलेलं असतं, पण तिशी-चाळिशीतही होतो. मोठ्या माणसात कधी तो इतका हळू येतो, की काही महिने गोळ्यांवरही भागतं आणि मग गोळ्या पुरेनाशा होतात. टाइप २ लठ्ठ माणसांनाच होतो हेही खरं नाही. आपल्याकडची माणसं दिसायला बारीक असली तरी पोटात चरबी असते, हे पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी वर्षानुवर्षं दाखवून दिलं आहे. काहींच्या स्वादुपिंडात खडे झालेले असतात. रक्तातली प्रतिपिंडं आणि सी-पेप्टाइड या तपासण्यांनी उलगडा व्हायला मदत होते. पण त्या महाग असतात, सगळीकडे होत नाहीत, आणि त्या करूनही कधी थांबावं लागतं.

आणखी एक प्रकार आहे, तो आपण विशेष लक्षात ठेवावा. लहानपणापासून पोटभर न मिळालेल्या माणसांना होणारा मधुमेह. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ साली त्याचा वेगळा गट मानला, १९९९ साली तो यादीतून काढला. २०२५ साली आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने त्याला पुन्हा मान्यता देऊन 'टाइप ५' म्हटलं. म्हणजे बघा, माणूस कदाचित उपासमारीने आजारी पडलेला असेल, आणि आपण त्याच्या बायकोला विचारतो, काय खाऊ घातलंस?

टाइप १ तर कुणाच्याच खाण्याने होत नाही. टाइप २ मध्ये खाण्याचा वाटा असतो, पण आनुवंशिकतेचा, वजनाचा, बैठ्या कामाचाही असतो. रिक्षात बारा तास बसणं तिने रांधलेलं नाही!

प्रकार ठरेपर्यंत काय सांभाळायचं? सगळ्यात मोठा धोका इन्शुलिन अजिबात न उरण्याचा. उलट्या, पोटात दुखणं, जोरजोरात खोल श्वास, गुंगी, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास. हे दिसलं की रात्र असो, सण असो, थेट मोठ्या रुग्णालयात न्यायचं. लघवीतले कीटोन तपासायची पट्टी स्वस्त असते, ती तपासणी मागून घ्या. दुसरं असं, की इन्शुलिन सुरू झाल्यावर काहींची गरज काही महिने एकदम कमी होते. घरच्यांना वाटतं बरा झाला, बुवाला वाटतं माझा गुण आला. डॉक्टरांना न विचारता इन्शुलिन बंद करणं तेव्हा जिवावर बेतू शकतं.

सिरिंजचंही सांगते, कारण यात घोटाळे होतात. ४० युनिटच्या बाटलीला लाल टोपणाची सिरिंज, १०० युनिटच्या बाटलीला नारिंगी टोपणाची. अदलाबदल झाली तर डोस अडीचपट कमी-जास्त होतो. फ्रीज नसेल तर मडक्यात मडकं, मधे ओली वाळू, आत कोरड्या डब्यात बाटली.

साखर फार उतरली की माणूस घामाघूम होतो, थरथरतो, चिडतो, असंबद्ध बोलतो. शुद्धीत असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालायचं नाही. इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. "त्याची साखर कमी होते म्हणून हात उगारतो," असं बायका आम्हाला सांगतात. साखर खाल्ली की असली चिडचिड साधारण पाव तासात ओसरते. जो दुखणं येण्याआधी मारत होता आणि जेवणानंतरही मारतो, त्याचं कारण ग्लुकोमीटरमध्ये सापडणार नाही.

त्या बाईला मी एकच अट घातली. पुढच्या वेळी सुई टोचायला नवऱ्याने शिकायचं. तिने नाही. तो तयार नव्हता, म्हणाला, "हिला जमतंय की!" हिला रक्त बघून चक्कर यायची, तरी जमवत होती. तीन खेपांनंतर तो स्वतः टोचायला लागला, वहीत आकडे लिहायला लागला. प्रकार अजून पुरता ठरलेला नाही. तिची कामाची एक पाळी मात्र परत मिळाली.

वटपौर्णिमेला सावित्रीची गोष्ट आपण सांगतो. तिला यमाशी एकदाच बोलावं लागलं. या बायका दिवसातून चार वेळा बोलतात, आणि स्वतः सगळ्यांच्या शेवटी, मिळेल तेव्हा जेवतात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात मधुमेही १० कोटींच्या वर आहेत. त्यांत बायकाही आहेत, पण कागदांची पिशवी घेऊन बायकोसोबत आलेला नवरा मला फार कमी दिसतो. मी त्या बाईला विचारलं, तुझी साखर कधी तपासलीस? बाळंतपणात, म्हणाली. मुलगा आता नववीत आहे.

दुपारच्या सत्रात दोन्ही रंगांच्या सिरिंज, ग्लुकोमीटर आणि मडकी आणली आहेत. प्रत्येकीने हातात घेऊन पाहावं, आणि जेवणाआधी स्वतःची साखर तपासून घ्यावी.