अवकाशयानांतील ओलावा

१६ जुलै २०१३ रोजीं इटलीचा अंतराळवीर लुका पार्मितानो हा आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकाच्या बाहेर काम करीत होता. बाहेर पडून पाऊण तास होतो न होतो तोंच त्याला मस्तकामागें ओलें लागूं लागलें. पिण्याच्या पाण्याची पिशवी गळत असावी, असा प्रथम सर्वांचा तर्क झाला. पाणी मात्र वाढतच गेलें. पृथ्वीवर तें मानेवरून खालीं ओघळून गेलें असतें. भारहीन अवस्थेंत ‘खालीं’ ही दिशाच उरत नाहीं. तें कातडीला चिकटून सरकत सरकत कानांत शिरलें, डोळ्यांवर पसरलें आणि नाकपुड्यांपर्यंत आलें. त्यांतच सूर्य मावळला. दिसेना, नीटसें ऐकूं येईना. तेव्हां सुरक्षेच्या दोरीच्या ओढीवरून दिशेचा अंदाज घेत तो चांचपडत दारापर्यंत परतला. त्याच्या शिरस्त्राणांत एक ते दीड लिटर पाणी सांचलें होतें. पृथ्वीपासून सुमारें चारशें किलोमीटर उंचीवर एक मनुष्य बुडतां बुडतां वांचला.

हें पाणी पिशवींतलें नव्हतें. अंतराळवीराच्या पोषाखांत हवा सतत खेळती ठेवावी लागते व तिच्यांतील श्वासाचा नि घामाचा ओलावा थंड करून वेगळा काढावा लागतो. हें काम एक फिरतें यंत्र करतें. गरगर फिरून तें पाणी कडेला फेंकतें व हवा पुढें सोडतें. त्याचीं बारीक छिद्रें खनिज कणांनीं बुजलीं आणि वेगळें व्हावयाचें पाणी हवेच्याच वाटेनें मस्तकाकडे गेलें.

एक मनुष्य दिवसाकाठीं श्वासावाटे व त्वचेवाटे सुमारें दोन लिटर पाणी हवेंत सोडतो. घरांत खिडकी असते. यानाला ती सोय नाहीं. एप्रिल १९७० मध्यें ‘अपोलो १३’ यानांतील प्राणवायूची टांकी फुटली आणि वीज वांचविण्यासाठीं मुख्य कक्ष बंद ठेवावा लागला. उष्णतामान तीन-चार अंशांवर उतरलें. भिंती, फलक, सर्वत्र दंव धरलें. परततांना वीज पुन्हा सुरू करावयाची ती याच ओल्या तारांतून! १९६७ च्या ‘अपोलो १’ मधील भीषण आगीनंतर तारांचीं वेष्टणें अधिक बंदिस्त केलीं होतीं, म्हणून तो प्रसंग निभावला. यान वातावरणांत शिरून त्याचा वेग मंदावतांच ते सारे थेंब आंतल्या आंत पावसासारखे कोसळले.

वाफाळत्या भातावर ताट झांकलें कीं त्याला पाणी सुटतें. स्थानकांतील व्यवस्था मुळांत हीच आहे. ओली हवा थंड पत्र्यांवरून जाते आणि बाष्पाचें पाणी होतें. पण ताटावरचा थेंब आपोआप ओघळतो, तेथला ओघळत नाहीं. म्हणून पत्र्यांना पाणी पसरविणारा लेप देतात, तें छिद्रांतून शोषून घेतात आणि पुन्हा फिरत्या यंत्रानें हवेपासून वेगळें करतात. हवेंतील रासायनिक बाष्पांमुळें हा लेप बिघडतो. ओल्या पत्र्यांवर जंतूही वाढतात, म्हणून ते मधूनमधून वाळवावे लागतात.

सारा त्रास थेंबाचा आहे, बाष्पाचा नाहीं. मग थेंब होऊंच न दिला तर? येथें पटलाची कल्पना पुढें येते. १९६० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील ड्यूपाँ कंपनींत वॉल्थर ग्रोट यांनीं ‘नॅफिऑन’ नांवाचा पदार्थ तयार केला. मिठाच्या पाण्यापासून क्लोरीन व कॉस्टिक सोडा काढण्याच्या कारखान्यांत तो मुख्यतः गाजला. त्याच्या पातळ पटलांत पाण्याची ओढ असलेले अम्लगट विखुरलेले असतात. बाष्पाचे रेणू एका गटावरून दुसऱ्या गटावर उडी घेत पलीकडे जातात. प्राणवायु व नायट्रोजन बहुतांशीं अलीकडेच राहतात. एका बाजूस ओलावा अधिक व दुसऱ्या बाजूस कमी, एवढीच प्रेरणा पुरते. फिरणारा भाग नाहीं, बुजणारें छिद्र नाहीं आणि ‘खालीं’ या दिशेची गरजही नाहीं. माठांतील पाणी मातींतून झिरपून बाहेर वाळतें, त्याच्याशीं या रीतीचें थोडें नातें आहे. फरक इतकाच, कीं येथें झिरपतें तें बाष्प.

अडचण आहे ती पलीकडच्या बाजूची. तेथें कोरडेपणा कोणीतरी राखावयास हवा. बाहेरची पोकळी यासाठीं फुकट मिळते. पण तिच्यांत सोडलेलें पाणी कायमचें गेलें. आणि अंतराळस्थानकांत तर श्वासांतलें पाणीच शुद्ध करून पुन्हा पितात! पोकळीऐवजीं पंप लावावा, तर फिरणारें यंत्र पुन्हा आलेंच.

म्हणून स्थानकावर २०२१ मध्यें पटल गेलें तें निराळ्या कामासाठीं. मूत्र शुद्ध केल्यावर उरणारें दाट खारें पाणी पटलाच्या पिशवींत भरतात व तिच्यावरून ऊन, कोरडी हवा सोडतात. बाष्प बाहेर येतें, घाण आंत राहते. या युक्तीमुळें २०२३ मध्यें पाण्याची परतप्राप्ति शेंकडा ९८ वर गेली. पटलांतून आलेलें तें बाष्प कक्षाच्या हवेंत मिसळतें, आणि त्याचें पाणी करण्याचें काम शेवटीं त्याच जुन्या थंड पत्र्यांकडे येतें.