फोन घरातच आहे, हातात घ्या

(शेवगाव येथे प्रभागसंघाच्या मासिक सभेत आपल्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं भाषण. बोलल्याप्रमाणेच ठेवलं आहे, थोडी काटछाट केली आहे.)



आज विषयपत्रिकेवर माझ्या नावापुढं ‘मोबाईलवर फोटो काढायला शिकणे’ असं लिहिलंय. ते वाचल्यावर मागून आवाज आला, “आता या वयात फोटो काढायचेत का मॅडम?” म्हणून आधी हा विषय का घेतला ते सांगते.

आपल्या एका गटातल्या ताई आहेत. नाव घेत नाही, त्या इथंच बसल्यात. मालक वारल्यावर दोन एकर त्यांच्या नावावर झालं. खरिपात कापूस लावला, निंदला, फवारला, सगळं स्वतः केलं. पण ई-पीक पाहणीचं ॲप होतं मुलाच्या फोनमध्ये आणि मुलगा चाकणला कंपनीत. “सुट्टीला आलो की करतो आई.” सुट्टी मिळेपर्यंत तारीख गेली. सातबाऱ्यावर कापूस चढलाच नाही. सरकारी खरेदीला नोंद मागतात, म्हणून शेवटी माल दारात आलेल्या व्यापाऱ्याला दिला, तो म्हणेल त्या भावानं. त्या मला म्हणाल्या, “चार महिने राबले अन् एका फोटूपायी गेलं.” त्यांच्या हातात साधा का होईना, टचचा फोन होता. तो त्यांनी फक्त उचलायला आणि ठेवायला वापरला होता.

ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली १५ ऑगस्ट २०२१ ला. तेव्हापासून आपल्या पिकाची नोंद म्हणजे शेतात उभं राहून काढलेला फोटो. त्याच महिन्याच्या शेवटी शेवगाव-पाथर्डीत पूर आला, तो तुम्हाला सांगायला नको. मी तेव्हा कॉलेजात होते. आमच्याही घरात पाणी शिरलं. पाणी ओसरल्यावर माझ्या आईनं काय केलं? पहिल्यांदा घर साफ केलं. चिखल ओढला, भिजलेली बाजरी उकिरड्यावर टाकली, सारवण केलं. पंचनाम्याला माणसं आली तेव्हा घर लख्ख! आई सांगत होती इथवर पाणी होतं, तिथं पोती होती. पण दाखवायला काय होतं? मी घरात, फोन माझ्या हातात, आणि मलाही सुचलं नाही. समाजकार्य शिकत होते म्हणे. तेव्हापासून मी सगळीकडं सांगते, झाडू उचलायच्या आधी फोन उचला. भिंतीवर पाण्याची खूण असते ती घ्या, शेजारी माणूस उभा करा म्हणजे पाणी किती चढलं होतं ते कळतं. पोती घ्या, मेलेलं जनावर घ्या. मग झाडा.

आता शिकायचं कसं. पहिली गोष्ट, कॅमेरा विकत घेऊ नका. एका गटात पोराला कॅमेरा घ्यायला अंतर्गत कर्ज मागितलं होतं. मी नाही म्हणाले आणि अजूनही त्यावर ठाम आहे. कॅमेरा हजारोंचा येतो आणि डोळा तयार नसेल तर कपाटात बसतो. पूर्वी रोल असायचा, त्यात ३६ फोटो, धुवायचे पैसे वेगळे. चुकलं की पैसे गेले. आता फोनवर शंभर काढा, नव्याण्णव पुसून टाका, खर्च शून्य. गरिबानं फोटो शिकावा तर याच काळात.

शिकवणीचा पहिला धडा तर फुकट आहे: काच पुसा. फोनच्या मागं ती बारीक काच असते, तिला आपल्या हाताचं तेल, पीठ, हळद लागलेली असते. फोटो धुरकट येतो आणि आपण म्हणतो फोन खराब. जुन्या सुती लुगड्याच्या मऊ तुकड्यानं हलकेच पुसा. पदरानं नको, जर असेल तर ओरखडा पडतो.

दुसरा धडा उजेडाचा, आणि इथं मी जास्त वेळ घेणार आहे. घरी गेल्यावर एक कांदा घ्या. हो, कांदाच. सकाळी सात वाजता ओट्यावर ठेवून फोटो काढा. दुपारी बारा वाजता अंगणात. मग पडवीत सावलीला. मग खिडकीजवळ, एका बाजूनं उजेड येईल असा. मग संध्याकाळी, आणि शेवटी रात्री बल्बखाली. कांदा तोच, फोन तोच, पण सहा फोटो सहा तऱ्हेचे येतील. दुपारचं ऊन डोक्यावरून येतं, म्हणून सावल्या काळ्याभोर पडतात. माणसाचा फोटो असेल तर डोळ्यांच्या जागी खड्डे दिसतात. रात्री उजेड कमी, म्हणून फोन जास्त वेळ उजेड गोळा करत बसतो आणि तेवढ्यात आपला हात हलतो. फोटो हलला असं आपण म्हणतो ते हेच. कोपरं पोटाला टेकवा, नाहीतर फोन विटेला टेकवून ठेवा. स्टँडची गरज नाही. सगळ्यात चांगला येईल तो खिडकीजवळचा किंवा पडवीतला. आपली पडवी म्हणजे फुकटचा स्टुडिओ.

दारात उभं करून फोटो काढू नका, मागून उजेड आला की माणूस काळा पडतो. दूरची वस्तू बोटांनी ओढून मोठी करू नका, चार पावलं पुढं जा. ज्या वस्तूचा फोटो काढायचा तिच्यावर पडद्यावर बोट ठेवा, म्हणजे ती स्पष्ट येते. बऱ्याच फोनमध्ये तिथंच छोटा सूर्य दिसतो, तो वर-खाली सरकवला की उजेड कमी-जास्त होतो. एवढं आलं तरी लग्नात फिरणाऱ्या निम्म्या पोरांपेक्षा तुम्ही पुढं गेलात.

आता मालाचं. आपल्या गटांचे पापड, शेवया, चटण्या, हळद आता व्हॉट्सॲपवर विकल्या जातात. उमेदमार्टवर राज्यभरातल्या गटांचा माल ऑनलाईन विक्रीला असतो. तिथं गिऱ्हाईक वास घेत नाही, चव घेत नाही, फक्त बघतं. आणि आपण हळद वाळत घातलेली असते निळ्या ताडपत्रीवर, तिथंच फोटो काढतो. निळ्याची झाक हळदीवर चढते आणि हळद हिरवट दिसते. पांढरं धोतर किंवा पांढरा कागद खाली घाला. खिडकीच्या उलट्या बाजूला थर्माकोलचा पांढरा तुकडा उभा करा, उजेड परत फिरतो आणि सावली नरम पडते. पापड मात्र हातात धरून उजेडाच्या आड घ्या, त्याचा पातळपणा दिसतो. रंग वाढवणारे फिल्टर लावू नका. फोटोत लालभडक आणि पाकिटात वीटकरी चटणी निघाली की ते गिऱ्हाईक परत येत नाही. पाकिटाच्या मागच्या बाजूचाही एक फोटो पाठवा, वजन, तारीख आणि एफएसएसएआयचा चौदा आकडी नंबर वाचता येईल असा. पाठवताना एचडी निवडा, नाहीतर अक्षरं पुसट होतात.

शेळी विकायची असेल तर उभ्यानं वरून फोटो काढू नका, शेळी बुटकी दिसते. खाली बसा, तिच्या उंचीला या, बाजूनं पूर्ण अंग घ्या. आणि दातांचा एक फोटो. दोन दाती की चार दाती हे घेणारा पहिलं विचारतो. विमा असेल तर कानातल्या बिल्ल्यासकट फोटो काढून ठेवा, बिल्ल्यावरचा नंबर वाचता आला पाहिजे.

मला खरी अडचण वेगळीच वाटते. मी गावोगाव फिरते, गटाचे फोटो बघते. पापड लाटणाऱ्या बाया, फोटो काढणारा कुणाचा तरी दीर नाहीतर पोरगा. फोन “घरचा” असतो म्हणजे बाईचा नसतो. याच राज्यात, मुंबईत, होमाई व्यारावाला नावाची बाई फोटो काढायला शिकली. १९१३ चा जन्म. देशातली पहिली महिला वृत्तछायाचित्रकार. साडी नेसून, सायकलवर कॅमेरा घेऊन फिरायच्या. पण सुरुवातीला त्यांचे फोटो छापून यायचे ते नवऱ्याच्या नावानं. २०११ मध्ये पद्मविभूषण मिळालं तेव्हा त्या नव्वदी ओलांडून गेल्या होत्या. मघाशी वयाचं विचारलं म्हणून सांगितलं.

तर घरात बोला. रोज पंधरा मिनिटं फोन मला, एवढंच मागा. भांडू नका, कांद्याचा फोटो दाखवा आणि बघा काय म्हणतात.

ज्या पोरींना पुढं जाऊन यातच कमवायचंय, बारसं, डोहाळजेवण, लग्नाचे फोटो काढायचेत, त्यांनी आधी पैसे भरून क्लास लावू नका. बँकांमार्फत चालणारी ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, आपण आरसेटी म्हणतो ती, आपल्या जिल्ह्यातही आहे. त्यांच्या कोर्समध्ये फोटोग्राफी-व्हिडिओग्राफी आहे. शिकवणं, राहणं, जेवण फुकट. एकटीचं नाव गेलं तर वाट बघावी लागेल, म्हणून ग्रामसंघांनी नावं एकत्र करून माझ्याकडं द्यावीत, मी चौकशी करते. बायांच्या डोहाळजेवणात बाई फोटोवाली असेल तर घरच्यांनाही बरं वाटतं, हे मी दोन ठिकाणी पाहिलंय.

एक गोष्ट कडक सांगते. दुसरीचा फोटो तिला विचारल्याशिवाय ग्रुपवर टाकायचा नाही. कर्ज थकलेल्या बाईचा तर नाहीच नाही. लहान पोरांचे, विशेषतः मुलींचे फोटो घरच्यांना विचारूनच. आधार कार्ड, पासबुक यांचे फोटो ग्रुपवर फिरतात ते आजपासून बंद. ज्याला पाठवायचं त्यालाच पाठवा आणि काम झालं की पुसा.

पुढच्या सभेला प्रत्येक गटातून दोघींनी कांद्याचे सहा फोटो आणायचे. पुसायचे नाहीत, बिघडलेले तर आणायचेच, आपण त्यावरच बोलणार आहोत. फोन चार्ज करून आणा, इथं एकच पिन आहे आणि त्यावर पंखा चालतो. आणि त्या कापसाच्या ताई, यंदा त्यांनी नोंद स्वतः केलीय. फोटो थोडा वाकडा आलाय, बांध तिरका दिसतो, पण कापूस ओळखू येतो. त्या पुढच्या वेळी ॲपचं दाखवणार आहेत, मी नाही.

चहा आलाय.